लग्नाची रंगसंगती: आधी काय बघायचं आणि चिंधी कुणाकुणाला द्यायची

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या दुकानात माणसं मोबाइल पुढे धरूनच शिरतात. "काकू, अगदी हाच रंग हवा." फोटोत राजस्थानातल्या कुठल्यातरी महालाचा दगडी चौक, संध्याकाळचं तिरपं ऊन, नवरीच्या अंगावर फिक्कट गुलाबी लेहंगा आणि मागे त्याच गुलाबीची फुलं. मी विचारते, लग्न कुठं आहे? बायपासवरच्या गार्डनमध्ये. मुहूर्त? सकाळी अकरा चाळीस. म्हणजे चौक नाही, तिरपं ऊन नाही, पायाखाली हिरवी लॉन आणि डोक्यावर तळपतं ऊन. त्यात हळद लागलेली मुलगी, हातात हिरवा चुडा, कपाळावर कुंकू. तो फिक्कट गुलाबी तिथं कुणाला दिसणारसुद्धा नाही.

इंदूरला राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकर, दोरे. सासऱ्यांनी मांडलं, आता मी बघते. साड्या मी विकत नाही, त्यामुळे अमुकच रंग घ्या असं सांगण्यात माझा काही फायदा नाही. पण लग्नघरातल्या साड्यांच्या पिशव्या शेवटी माझ्याच काउंटरवर उघडतात आणि कुठला रंग कुठल्या रंगाशी भांडणार हे मला तिथंच कळतं. तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून हे आधी वाचा आणि मग शीतलामाता बाजारात खरेदीला जा.

सुरुवात एका कागदापासून करा. आवडते रंग त्यावर लिहायचे नाहीत. जे रंग आधीच ठरलेले आहेत आणि तुमच्या हातात नाहीत, ते लिहायचे. मराठी लग्नात ते बरेच असतात. मामानं दिलेली पिवळी अष्टपुत्री. हिरवा चुडा. पांढऱ्या अंतरपाटावर कुंकवाचं स्वस्तिक. बोहल्याला केळीचे खुंट, दाराला आंब्याचं तोरण. झेंडू, पिवळा आणि केशरी. लाल अक्षता. म्हणजे पिवळा, हिरवा, कुंकवाचा लाल आणि पांढरा हे चार रंग तुम्ही बोलावले नाहीत तरी येणारच आहेत, आणि चारही चांगले ठसठशीत आहेत. तुमची रंगसंगती म्हणजे या चौघांमध्ये पाचवा कोण बसवायचा एवढाच प्रश्न.

म्हणूनच विधींच्या वेळेला पेस्टल रंग मला पटत नाहीत. पुदिना, लव्हेंडर, पीच हे रंग एकमेकांच्या शेजारी गोड दिसतात, पण हळद-कुंकवाशेजारी आजारी दिसतात. हौस असेल तर रिसेप्शनला करा. तिथं चुड्याखेरीज जुन्यांपैकी कुणी उरलेलं नसतं. विधींना पाचवा रंग म्हणून डाळिंबी, गुलबक्षी, जांभळा, मोरपंखी, आमसुली यांतला कुठलाही चालतो, कारण ते पिवळ्याच्या तोडीस तोड उभे राहतात. राणी चालतो, पण कुंकवाच्या लालाला चिकटून आला तर दोघंही किंचाळतात. मध्ये पांढरं किंवा सोनेरी काहीतरी लागतं.

कागदाच्या दुसऱ्या बाजूला जागेचे रंग लिहा. कार्यालय बुक करताना आपण जेवणाचं ताट आणि पार्किंग बघतो, भिंती कोण बघतं? भिंतीचा रंग, फरशी, पडदे, खुर्च्यांची कव्हरं आणि टेंटवाल्याकडे आहे ते कार्पेट. इंदूरकडची बरीच कार्पेटं एकतर गडद लाल, नाहीतर हिरवी. लाल कार्पेटवर लाल शालू आणि लॉनवर हिरवा शालू घालून फोटो काढले की नवरीचा कमरेखालचा भाग गायब. शालू हिरवाच हवा असेल, आणि आमच्याकडं बऱ्याच घरांत तो हवाच असतो, तर बोहल्याखाली क्रीम किंवा विटकरी सतरंजी मागून घ्या. टेंटवाल्याकडे असते, तो आपणहून काढत नाही एवढंच. जागा बघायला जाल तेव्हा मुहूर्ताच्या वेळेलाच जा. सकाळच्या लग्नाची जागा रात्री आठला बघून उपयोग नाही.

आता उजेड. या विषयावर मी जरा लांबण लावणार आहे, कारण निम्मे घोटाळे इथं होतात.

कापडाला स्वतःचा उजेड नसतो. त्याच्यावर जो पडतो त्यातला काही तो परत पाठवतो. बल्बच्या उजेडात निळा कमी असेल तर निळी साडी निळं पाठवणार कुठून? म्हणून पिवळ्या दिव्याखाली नेव्ही ब्लू काळा दिसतो, जांभळा तपकिरीकडे झुकतो आणि केशरी, सोनेरी, लाल फुलून येतात. पांढऱ्याशार एलईडीखाली उलटं होतं. निळे-हिरवे उजळतात, लाल थंड पडतो आणि माणसांचे चेहरे फिके दिसतात. दिव्याच्या खोक्यावर आकडा लिहिलेला असतो: 2700 किंवा 3000 केल्विन म्हणजे पिवळसर, 6500 म्हणजे पांढरा-निळसर. डेकोरेशनवाल्याला बोहल्यावर कुठले लावणार हे विचारा आणि 3000 च्या आसपासचे मागा. रंगीत पार लाइट बोहल्यावर नकोतच म्हणावं. जांभळ्या फ्लडलाइटखाली उभ्या राहिलेल्या नवरा-नवरीच्या फोटोतून तो जांभळा नंतर कुठलाही फोटोवाला काढू शकत नाही.

गोरज मुहूर्त असेल तर आणखी एक. तिन्हीसांजेला उजेड उतरतो तसा डोळ्याला लाल रंग आधी दिसेनासा होतो, निळा आणि हिरवा मात्र रेंगाळतात. दिवे लागायच्या आधीची ती पंधरा-वीस मिनिटं लाल शालू काळपट मरूनसारखा दिसतो. मुहूर्त त्याच वेळेचा असेल तर लाल हवाच असल्यास शेंदरी झाक असलेला घ्या, काठ रुंद सोनेरी घ्या आणि मंगलाष्टकांच्या आधीच दिवे लावायला लावा.

दुकानातली रीत सांगते. पिशवीतून साडी निघाली की मी ती ट्यूबलाइटखाली मॅच करत नाही. साडीचा पदर आणि दोन-तीन ब्लाउजपीस हातात घेऊन गिऱ्हाइकाला दुकानाच्या पायरीवर घेऊन येते. आत एकजीव दिसणारे दोन हिरवे पायरीवर आले की एक पिवळ्याकडे धावतो, दुसरा निळ्याकडे. एक रेशीम, दुसरा पॉलिस्टर. दोघांचे रंग वेगवेगळ्या रसायनांचे, एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फारकत घेतात. मग पुन्हा आत येऊन काउंटरच्या कोपऱ्यातल्या पिवळ्या बल्बखाली धरते. तिन्हीकडे जो टिकतो तो फाडायचा. तुम्ही साडी घ्याल तेव्हा दुकानदाराला सांगून उन्हात आणाच. गादीवर बसलेला भैया "दीदी, कलर यही है" म्हणेल. म्हणू दे.

पाचवा रंग शोधायचा कुठं? माझ्या मते एखाद्या चांगल्या हातमागाच्या साडीत. विणकरानं तुमचं काम आधीच केलेलं असतं. आपल्याकडं महेश्वर शंभर किलोमीटरच्या आत आहे, सकाळी पोहे खाऊन निघालं तर संध्याकाळी परत. अहिल्याबाईंच्या काळापासून तिथं माग चालू आहेत आणि तिथल्या जुन्या रंगांची नावं ऐकली तर मराठी माणसाला घरच्यासारखं वाटतं: अंगुरी (द्राक्षाचा हिरवा), डाळिंबी, गुलबक्षी, जामला (जांभळा), तपकीर. महेश्वरीचं अंग बहुधा साधं, किंवा बारीक रेघा-चौकड्यांचं. काठावर चटाई, वीट, चमेलीचं फूल अशी नक्षी. जुन्या पद्धतीच्या पदरावर पाच पट्टे, तीन रंगीत आणि मधले दोन पांढरे. ते पाच पट्टे नीट बघा. तीन ठसठशीत रंगांत पांढरं घातल्यावर कुणी कुणाच्या अंगावर येत नाही. बोहल्यामागच्या पडद्याला हाच हिशोब लावा: डाळिंबीच्या दोन झालरी, मध्ये पांढरी, कडेला अंगुरी. डेकोरेशनवाल्याला साडीचा पदरच दाखवा, तो तोंडी वर्णनापेक्षा लवकर समजतो.

महेश्वरीचा आणखी एक गुण. ताणा, म्हणजे उभा धागा, रेशमी आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, सुती असल्यामुळे तिला चमक असते पण झगमगाट नसतो. कॅमेऱ्याचा फ्लॅश सॅटिनवर आदळून पांढरा ठिपका येतो, तसा हिच्यावर येत नाही. करवल्यांना आणि मावशी-आत्यांना म्हणून मी हीच सुचवते. शिवाय लग्नानंतर ती नेसली जाते.

धूपछाव साडी असेल तर मॅचिंगच्या बाबतीत सावध. तिच्यात ताण्याचा रंग वेगळा आणि बाण्याचा वेगळा, म्हणून निरी हलली की रंग बदलतो. तिला अंगाच्या रंगाचं ब्लाउज कधीच जुळत नाही, कारण अंगाला एक रंगच नसतो. काठाचा रंग घ्या आणि मोकळे व्हा. आणि जरीचा रंग ठरवा: सोनेरी की रुपेरी. बोहल्याभोवती पितळी समया, सोनेरी मुंडावळ्या आणि नवरीचे सोन्याचे दागिने असताना शालूची जर रुपेरी असेल तर ती उपरी दिसते.

माणसांकडे येऊ. इंटिरिअरवाल्यांचा 60-30-10 चा हिशोब असतो: मुख्य रंग साठ टक्के, जोडीचा तीस, चिमूटभर दहा. खोलीला तो ठीक आहे. लग्नाला लागू पडत नाही, कारण तिथं सर्वांत जास्त रंग पाहुण्यांच्या अंगावर असतो आणि तो तुमच्या ताब्यात नाही. चारशे माणसं येणार, त्यांतल्या दोनशे बायका आपापल्या कपाटातली सगळ्यांत झगझगीत साडी नेसून. म्हणून रंगसंगती सगळीकडं पसरायचा हट्ट सोडा. प्रवेशद्वार, बोहल्यामागचा पडदा आणि घरची जवळची दहा-बारा माणसं, एवढ्या तीन जागी सांभाळा. बाकी सगळं क्रीम, मोतिया, पांढरं ठेवा. पाहुणे त्यात रंग भरतात.

जवळच्या माणसांनासुद्धा एकच छटा देऊ नका. एका रंगाच्या आठ साड्या म्हणजे कुणातरी दोघींवर तो हमखास वाईट दिसणार, आणि त्या दोघी तुमच्या जन्मभर लक्षात ठेवणार. रंगाचं कुटुंब द्या. डाळिंबी ठरला तर सावळ्या वर्णाच्या मामीला गर्द आमसुली किंवा वांगी, गोऱ्या आत्याला गुलबक्षी, लहान करवल्यांना अबोली. फोटोत सगळ्या एका घरच्या दिसतात, गणवेशातल्या दिसत नाहीत. नवरीच्या आईनं मात्र या कुटुंबातून बाहेर राहावं असं मला वाटतं. ती दिवसभर इकडून तिकडं पळत असते, तिला शोधायला वेगळा रंग बरा पडतो. मोरपंखी किंवा अंगुरी घ्या.

विहीणबाईंना आधी फोन करा. "ताई, आमच्याकडं करवल्या डाळिंबीत आहेत, तुमचं काय ठरलंय?" एवढंच. त्यांनी "आमचंही तेच" म्हटलं तर आपण बदलायचं. कुरकुर न करता बदलायचं, अजून फाडलेलं कुठं काही आहे?

काळ्याबद्दल विचारतात. घरात आजी असतील तर नकोच, वाद घालण्यात अर्थ नाही. मंगळसूत्रात काळे मणी चालतात, संक्रांतीला काळी चंद्रकळा चालते, मग लग्नात का नाही असं नातीनं विचारलं की आजीकडं उत्तर नसतं, पण परवानगीही नसते. रिसेप्शनला नवऱ्याचा सूट काळ्याऐवजी गर्द जांभळा किंवा बाटली हिरवा शिवा. वाद मिटतो आणि फोटोही चांगले येतात.

पुरुषांच्या बाबतीत एकच गोष्ट महत्त्वाची: फेटे. कुर्ता कुठलाही असो, डोक्यावरचं सात-आठ मीटर कापड लांबून दिसतं. इथल्या वरातीत लहरियाचे साफे सर्रास असतात आणि ते भाड्यानं देणारा सगळ्या रंगांचे मिळून गठ्ठा पाठवतो. त्याला आधीच एक रंग सांगा. मुलीकडचे फेटे एका रंगाचे आणि मुलाकडचे दुसऱ्या, असं केलं तर वाढप्यांना आणि सरबत देणाऱ्या पोरांनाही मान कुणाचा ते कळतं.

आता सगळ्यांत कामाची युक्ती. रंग ठरले की माझ्यासारख्या कुठल्याही मॅचिंग सेंटरमधून त्या प्रत्येक रंगाचं अर्धा मीटर रुबिया, म्हणजे ब्लाउजचं साधं कापड, घ्या. स्वस्त असतं, मॅट असतं, रंग खरा दिसतो. त्याच्या चार बोटं रुंदीच्या पट्ट्या कापा. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर तीन पट्ट्या ओळीनं स्टेपल करा आणि खाली कुठला कुठं ते लिहा: "डाळिंबी, मागचा पडदा. मोतिया, छत. अंगुरी, खुर्च्यांचे बो." अशी सहा-सात कार्डं बनवा. एक टेंटवाल्याला, एक फुलवाल्याला, एक फेटेवाल्याला, एक पत्रिका छापणाऱ्याला, एक विहीणबाईंना, एक करवलीच्या पर्समध्ये. मोबाइलवर पाठवलेला रंग प्रत्येकाच्या पडद्यावर वेगळा दिसतो. चिंधी सगळ्यांना सारखीच दिसते. टेंटवाल्याच्या पावतीला एक पट्टी टाचून त्याची सही घ्या, नाहीतर आदल्या रात्री "वही माल है, थोडा लाइट है बस" असं म्हणून भलतंच लावून जातात.

त्याच टेंटवाल्याला छताचं कापड पांढरं किंवा क्रीम मागा. दिवसाच्या लग्नात हे अजिबात सोडू नका. हिरव्या कापडातून गाळून आलेलं ऊन सगळ्यांच्या चेहऱ्यावर हिरवं पडतं, निळ्यातून निळं. पिवळं छत हळदीच्या दिवशी गोड वाटतं, पण फोटोत अख्खं घर कावीळ झाल्यासारखं दिसतं. हळदीला हल्ली सगळेच पिवळं घालतात, पडदाही पिवळा, फुलंही पिवळी. त्यात जिला हळद लागली आहे ती शोधावी लागते. पाहुण्यांना पिवळं ठेवा आणि मागे केळीची पानं लावा, किंवा पडदा पिवळा ठेवून माणसांना पांढरं-हिरवं सांगा. आणि हळदीचा डाग साडीवर पडला तर साबण लावल्यावर तो एकदम लाल होईल, घाबरू नका. हळदीचा तो स्वभावच आहे. भरपूर पाण्यात खळबळून उन्हात वाळत घाला, ऊन हळदीचा रंग उडवतं. रेशमी असेल तर मात्र घरी प्रयोग नकोत, ड्रायक्लीनरकडे द्या.

फुलांत हंगाम बघा. थंडीत झेंडू आणि शेवंती भरपूर, गुलाबही टिकतो. मेमध्ये माळव्यातल्या दुपारी गुलाबाच्या पाकळ्यांच्या कडा दोन तासांत तपकिरी होतात, मोगरा मात्र ऐन बहरात असतो. तेव्हा उन्हाळ्यातल्या सजावटीत पांढरं मोगऱ्याचं आणि रंग कापडाचा, असं ठेवा. निळी फुलं मागाल तर बहुतेक वेळा रंगात बुडवलेली येतात आणि तो रंग ओल्या हातानं शालूवर उतरतो. निळा हवा तर तो कापडातच आणा.

पत्रिकेचं थोडक्यात. पडद्यावर दिसणारा झळाळता राणी किंवा मोरपंखी छपाईच्या चार शाईंत तसा उतरत नाही, मंदावतो. ज्या कागदावर छापणार त्याच कागदावर एक नमुना काढून घ्या. क्रीम कागद प्रत्येक रंगात थोडा पिवळा मिसळतो.

कापड फाडायच्या आधी गडद साड्यांचा रंग जातो का तेही बघा. पांढरा रुमाल ओला करून काठाच्या आतल्या बाजूला घासायचा. रंग उतरला तर त्या साडीला फिक्कट अस्तराचं ब्लाउज शिवू नका. घाम आला की काखेत डाग पडतात.

ब्लाउज शिवायला टाकायच्या निदान दीड महिना आधी माझ्यासारखीच्या दुकानात या. रविवारी संध्याकाळी नको, तेव्हा राजवाड्यासमोर पाय ठेवायला जागा नसते. सकाळी अकरा-साडेअकराला आमच्या गल्लीत ऊन उतरतं, तेव्हा या. शालू आणा, तो कागद आणा, आणि बरोबर दोघींनीच या: जी नेसणार आहे ती आणि जी पैसे देणार आहे ती. तिसरी आली की तिला पायरीवर बसवून चहा पाजावा लागतो आणि साडीकडं पाठ करायला सांगावं लागतं.